बेलदरीचे लवण

घमेल्यात मातीचा डोंगर करून मी त्यात बोटबोट पाणी चढवत होते आणि नववीच्या मुली दर वेळी पाण्याच्या काठाने खिळ्याने रेघ ओढत होत्या. पाणी काढून टाकले की डोंगरावर रेघांची कडी उरतात. वरून पाहिले की तोच नकाशा. समोच्च रेषा शिकवायची याहून सोपी रीत मला माहीत नाही. रेघा ओढून झाल्यावर सत्यभामा उठली आणि म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीचं असं करता येते काय?"

"कशासाठी?"

"माय म्हणते, नव्या सडकेनं आमच्या घरात पानी शिरन. ओव्हरसियर साहेब म्हणते, नाही शिरत. घमेल्यात करून पाह्यलं तर समजन न."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. प्रश्न अगदी बरोबर होता.

हा मार्च १९६१. दिग्रसच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत होते. सत्यभामाचे बेलदरी तिथून चार मैलांवर. तिची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, बावीस घरांची; सगळी छप्पन साली धम्म स्वीकारलेली माणसे. सत्यभामाच्या आईने, पंचफुलाने, पुढच्याच वर्षी वस्तीच्या टोकाला नवे घर बांधले होते. जोते दगडी, भिंती मातीच्या. आता वस्ती आणि नाला यांच्या मधून सडक जायची होती, ती पाच फूट उंच भराव घालून. पाऊस पडला की वरच्या वावरांतले पाणी आजवर वस्तीच्या कडेने सरळ नाल्यात जाई. भराव झाल्यावर त्याला एकच वाट उरणार होती, भरावाखालची मोरी.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एस.टी.ने बेलदरीला गेले. पंचफुला भरावाच्याच कामावर होती. डोक्यावरचे टोपले तिने रिकामे केले, पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हीच का सत्यभामाच्या बाई? पाहा बरं. मीच टोपलं टाकून राह्यली, अन् माह्याच घरात पानी भरवून राह्यली. असं रोजीचं काम पाह्यलं काय कुठी?"

"पाणी शिरेल असं तुम्हाला का वाटतं?"

"वाटाले कायले पाह्यजे? पानी जिथून जाते तिथं भिंत घालून राह्यले. मोरी ठेवली ती तिकडे, बाभळीपाशी. पानी काय मोरीचा पत्ता इचारत जाईन?"

ओव्हरसियर चंद्रशेखरराव सायकल लावून जवळ आले. तरुण, नीटनेटके गृहस्थ होते. वही नेहमी काखेत.

"बाई, यांचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "मी दर शंभर फुटांवर लेव्हल घेतली आहे. मोरी सगळ्यात सखल जागी आहे. यांना पाणी दिसतं, मला आकडे दिसतात."

"आकडे मला पाहायला मिळतील का?"

त्यांनी वही उघडून दाखवली. आकडे स्वच्छ होते, बेरजा बरोबर होत्या. मोरीची जागा खरोखरच त्या यादीत सगळ्यात खाली होती. मी यादी उतरवून घेतली. भराव अजून मोरीच्या जागेपर्यंतही आला नव्हता, पण सहा आठवड्यांत तो वस्तीसमोरून जाणार होता. तो एकदा झाला की कोणी फोडणार नाही, हे मलाही कळत होते.

एप्रिलच्या अखेरीस आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन व्हायचे होते. उद्घाटनाला यवतमाळहून इंजिनिअर साहेब येणार होते. सडकेच्या कागदावर सही त्यांचीच. मी हेडमास्तर नंदकिशोरजींकडे अडगळीतले एक मोडके दार मागितले.

"दार कशाला, रत्नप्रभाबाई?"

"बेलदरी मांडायची आहे."

"पूर्ण?"

"वस्ती, सडक आणि वरची वावरं. एका सेंटिमीटरला दोन मीटर या प्रमाणाने दारावर बसतात."

त्यांनी दार दिले. वर विचारले, "आणि कडी लावून घ्यायची का?"

मोजणीला आमच्याकडे दुर्बीण नव्हती. प्रयोगशाळेतली रबरी नळी होती. तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवल्या आणि पाणी भरले. दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एकाच पातळीत राहते. गवंडीही जोते असेच साधतात. दोन शनिवार अकरा मुलींनी वीस वीस मीटरवर खुंट्या ठोकून पातळ्या घेतल्या आणि मी वहीत मांडल्या.

पंचफुलाच्या घरामागून सडकेकडे एक पट्टा जात होता. त्यात बोरीची काटेरी झुडपे आणि कोणी आणून टाकलेल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. मुली आत शिरायला कुरकुरल्या. मी टोपले घेऊन चाललेल्या पंचफुलाला विचारले, "इथे काही पिकत नाही का?"

"तिथं काय पिकन? ते लवण हाय," ती चालता चालता म्हणाली.

मी वहीत लिहिले: 'जमीन क्षारयुक्त. नमुना घेणे.' पट्ट्याच्या अलीकडची आणि पलीकडची पातळी घेतली. दोन्ही जवळजवळ सारख्या आल्या, म्हणून मधे सरळ रेघ ओढली. मातीचा नमुना मात्र मी न चुकता शाळेत आणला, पाण्यात विरघळवला, गाळला आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असते तर दह्यासारखा पांढरा साका बसला असता. जेमतेम धुके आले. वहीत नोंद केली: 'लवण अत्यल्प.' गावातली माणसे ऐकीव सांगतात, असे मला वाटले आणि मी तो विषय मिटवला.

पहिली प्रतिकृती मी काळ्या मातीची केली. सकाळी येऊन पाहते तो बेलदरीला बोटबोट भेगा. सत्यभामाने घरी सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी ती आईचा निरोप घेऊन आली: "माय म्हणते, काळी माती फाटते हे लहान पोट्ट्यालेबी माहीत हाय. पांढरी घ्या, त्यात शेण अन् कुटार मिसळा." शेण आणि भुसा मिसळून तसे केले. माती धरली. वर जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, म्हणजे पाणी मुरू नये. उंची मी मुद्दाम पाचपट वाढवली होती. एरवी दारावर बेलदरी परातीसारखी सपाट दिसली असती. काड्यापेट्यांची बावीस घरे झाली. सडकेचा भराव झाला. बाभळीपाशी बोरूच्या पोकळ तुकड्याची मोरी बसवली.

मग झारीने पाणी सोडले. वरच्या वावरांतून पाणी खाली आले, भरावाला टेकले, भरावाच्या कडेकडेने सरकत मोरीशी पोचले आणि निमूट बाहेर पडले. बावीस घरे कोरडी.

पुन्हा केले. कोरडीच.

झारी जागेवर ठेवून सत्यभामा बाकावर जाऊन बसली. पाणी शिरत नाही ही खरे तर आनंदाची गोष्ट होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि माझ्याही मनात नव्हता. आई खोटी पडली होती, एवढेच तिला दिसत होते.

नंदकिशोरजींकडून ही बातमी चंद्रशेखररावांपर्यंत गेली. बाजारात भेटले तेव्हा त्यांनी सायकलवरून उतरून नमस्कार केला. "ऐकलं बाई. चिखलसुद्धा सरकारी बाजूचा निघाला."

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते.

आठवडी बाजाराच्या दिवशी पंचफुला शाळेत आली. बाजाराची पिशवी दाराशी ठेवून ती प्रतिकृतीभोवती दोनदा फिरली. बाभूळ ओळखली, विहीर ओळखली. आपले घर ओळखल्यावर हसली. "माहं घर काडीपेटीत! आग नोका लावजा फक्त." मग ती खाली वाकली आणि घरामागची माती बोटाने चाचपू लागली.

"बाई, माह्या घरामागचं लवण कुठी हाय?"

"ते मी तपासलं, पंचफुलाबाई. त्या मातीत मीठ नाही."

"मीठ?"

"लवण म्हणालात ना तुम्ही."

"अवो, मिठाले मीठच म्हणतो आम्ही." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावले नाही. "अवो बाई, लवण म्हणजे खोलगा! जमीन लवते न तिथं, खाली जाते, अन् पानी त्यातून वाहते, ते लवण. तुम्ही काय चाखून पाह्यलं काय माती?"

"चाखली नाही," मी म्हणाले. "जवळपास तेच केलं."

तिचे हसणे थांबेपर्यंत मला सगळे दिसले होते. अलीकडची खुंटी, पलीकडची खुंटी आणि मधली माझी सरळ रेघ. त्या रेघेखाली वस्तीचे सगळे पाणी वाहत होते.

"किती खोल आहे?"

"कुठी गुडघ्याइतकं, कुठी जास्त. झुडपाईनं दिसत नाही." तिने अंगठा मातीवर टेकवला. "दाखवू काय?"

"दाखवा."

तिने अंगठा दाबून ओढला, वरच्या वावरापासून, आपल्या घरामागून थोडा वळवत, थेट भरावापर्यंत. हात एकदाही अडला नाही. किती तरी पावसाळे तिने त्या वाटेने पाणी जाताना पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी, सत्यभामा आणि आणखी चार मुली बेलदरीला गेलो. पंचफुलाने कोयत्याने झुडपे तोडून वाट केली. पऱ्हाट्यांचे ढीग बाजूला ओढले. या वेळी दर दोन मीटरवर पातळी घेतली. लवण बारा मीटर रुंद निघाले आणि भरावाच्या रेषेवर साठ सेंटिमीटर खोल. बाभळीजवळची मोरी बाजूच्या जमिनीच्या पातळीला होती, म्हणजे लवणाच्या तळापेक्षा साठ सेंटिमीटर वर. मग मी नळीचे टोक पंचफुलाच्या घरात नेले. घर लवणाच्या उतारालाच टेकलेले असल्याने त्याची जमीन भरावाजवळच्या तळापासून जेमतेम पस्तीस सेंटिमीटर उंच.

वजाबाकी मी तिथेच, तिच्या उंबऱ्यावर बसून केली. मोरीतून पाण्याचा पहिला थेंब बाहेर पडायच्या आधी या घरात वीतभर पाणी उभे राहणार होते.

"किती आलं, बाई?" सत्यभामाने विचारले.

"तुझी आई बरोबर आहे, एवढं आलं."

चंद्रशेखररावांची यादीही मी पुन्हा काढून पाहिली. त्यांच्या खुंट्या शंभर फुटांवर होत्या. लवणाची रुंदी चाळीस फूट. ते बरोबर दोन खुंट्यांच्या मधे सापडले होते. त्यांनी आणि मी एकच चूक केली होती. फरक एवढाच की मला लवण आहे असे सांगितलेले होते.

पुढचे पाच दिवस आम्ही बेलदरी दुरुस्त केली. पंचफुलाच्या अंगठ्याची रेघ मोजमापाने रुंद केली. साठ सेंटिमीटरचे प्रतिकृतीवर दीड सेंटिमीटर झाले. पाणी सोडले तर एक नवीन अडचण आली. एवढ्याशा लवणात पाणी धड वाहीना. थेंब तेलकट मातीवर टपोरे होऊन बसू लागले. खऱ्या बेलदरीत पाणी असे बसत नाही. लहान मापात पाण्याचा पृष्ठताण भारी ठरतो. मी रिठे भिजवून त्यांचे पाणी झारीत मिसळले. ताण मोडला आणि पाणी शहाण्यासारखे लवणात उतरले.

उरले होते घरात पाणी शिरलेले लांबून दाखवणे. पंचफुलाच्या घरात पाणी आले तरी प्रतिकृतीत ते जेमतेम सहा मिलिमीटर. मागे उभ्या माणसाला ते दिसणार नाही. मी मोरचुदाचे निळे खडे परीक्षानळीत तापवले. त्यातले पाणी उडून गेले की त्यांची पांढरी भुकटी होते आणि पाण्याचा नुसता स्पर्श झाला की ती पुन्हा निळी. प्रत्येक काड्यापेटीच्या तळाशी टिपकागद घातला. भुकटी घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवली, आयत्या वेळी भुरभुरायला. रसायनशास्त्रात मोरचूदही एक लवणच. हे मी मुलींना सांगितले तेव्हा सत्यभामाने विचारले, "मग मायले कोणतं सांगू?"

"दोन्ही सांग."

प्रदर्शनाच्या दिवशी इंजिनिअर साहेब आले. हार झाले, भाषण झाले. दुसऱ्या शाळांची चुंबके आणि विजेच्या घंटा पाहून ते आमच्या दाराशी आले. मागे चंद्रशेखरराव होते, नंदकिशोरजी होते. भिंतीला टेकून पंचफुला उभी होती. तिने त्या दिवसाची रोजी सोडली होती.

"हे काय, मुलींनी गाव केलं आहे वाटतं? छान," साहेब म्हणाले आणि पुढे निघाले.

"साहेब," मी म्हणाले, "दोन मिनिटं थांबावं. ही आपली बेलदरीची सडक आहे."

ते थांबले. चंद्रशेखरराव जवळ आले. मी घरांत पांढरी भुकटी भुरभुरली आणि सत्यभामाला खूण केली. तिने झारी उचलली.

पाणी वावरांतून उतरले, लवणात शिरले आणि भरावाशी येऊन थांबले. मोरी कोरडी होती. पाणी चढू लागले. मोरी अजूनही कोरडी होती आणि वस्तीच्या टोकाच्या काड्यापेटीत एका कोपऱ्यात निळा ठिपका उमटला. बघता बघता पूर्ण तळ निळा झाला. मग शेजारचे घर. मग त्यामागची दोन. पाचवे घर निळे होत असताना मोरीतून पहिला थेंब पडला.

"हे कुठलं लवण?" चंद्रशेखरराव म्हणाले. त्यांनी शब्द बरोबर वापरला, हे माझ्या लक्षात आले. "माझ्या लेव्हलमध्ये असं काही नाही. बाई, तुम्ही हे मातीत कोरलंत. मातीत काय, कोणीही काहीही कोरेल."

"माझ्याही पहिल्या मोजणीत नव्हतं," मी म्हणाले. "मी दोन खुंट्यांमधे सरळ रेघ ओढली होती. यांनी मला लवण आहे असं सांगितलं, तर मी त्या मातीत मीठ शोधलं." मी वही उघडून साहेबांसमोर धरली. 'लवण अत्यल्प' ही नोंद तशीच होती. मी खोडली नव्हती. "हे माझं चुकलेलं पान. हे रविवारचं पान. आणि ही चंद्रशेखररावांची यादी. त्यांचा एकही आकडा चुकीचा नाही. लवण त्यांच्या आकड्यांच्या मधे आहे."

साहेबांनी तिन्ही पाने वाचली. 'लवण अत्यल्प' वाचताना त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी विचारले, "मोरी लवणात ठेवली तर?"

भरावात लवणाच्या तोंडाशी मी दुसरी बोरूची मोरी आधीच बसवून मेणाने बुजवली होती. टाचणीने मेण काढले, जुनी मोरी बुजवली, काड्यापेट्यांत नवे टिपकागद आणि नवी भुकटी घातली. सत्यभामाने पुन्हा झारी धरली. पाणी लवणातून आले, मोरीत शिरले आणि पलीकडच्या नाल्यात गेले. झारी रिकामी झाली. बावीस घरे पांढरीशुभ्र राहिली.

"मोरी केवढी हवी?" साहेबांनी विचारले.

"ते यावरून सांगता येणार नाही. माझ्या झारीचा पाऊस हा बेलदरीचा पाऊस नव्हे. जमिनीचा आकार मात्र खरा आहे."

साहेब भिंतीकडे वळले. "लवण यांनी दाखवलं का?"

"होय जी," पंचफुला म्हणाली. "पर साहेब, बाईच्या काडीपेटीतलं घर कितीक डाव भिजलं तरी सुकते. माहं नाही सुकत."

साहेबांनी दुसऱ्या दिवशीच लेव्हलची दुर्बीण बेलदरीला आणवली. भराव लवणापासून शंभर पावलांवर येऊन ठेपला होता. लवणाच्या तळाशी मापाची उंच पट्टी धरायला कोणी तरी हवे होते. पंचफुला ती घेऊन खाली उतरली आणि खांबासारखी सरळ उभी राहिली. चंद्रशेखररावांनी दुर्बिणीला डोळा लावला. पुसला. पुन्हा लावला.

"एक फूट अकरा इंच," ते म्हणाले.

मी मनात गुणाकार केला. साडेअठ्ठावन्न सेंटिमीटरला थोडे कमी. रबरी नळीने आम्ही साठ मोजले होते.

"काय आलं?" पंचफुलाने खालून ओरडून विचारले.

"तुमचं लवण आलं!" चंद्रशेखररावांनी ओरडून सांगितले आणि ते स्वतःच हसले. मग टोपीला हात लावून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, चिखलाने बाजू बदलली."

मोरी लवणात झाली, ठरली होती तिच्या दुप्पट रुंद. दगड चंद्रशेखररावांनी उभे राहून बसवून घेतले. पुढे दुसऱ्या सडकेवर गेले तेव्हाही दोन खुंट्यांमधली जागा ते पायाने चालून पाहत आणि गावात गेल्या गेल्या पहिला प्रश्न विचारत, "इथं लवण कुठी हाय?" हे मला नंदकिशोरजींनी सांगितले.

ऑगस्टमध्ये तीन दिवस सारखा पाऊस लागला. बेलदरीचा नाला दुथडी भरला, वरची वावरे पाण्याखाली गेली आणि एस.टी. बंद पडली. सत्यभामा शाळेत आली नाही. तीन दिवस मी हजेरीत तिच्या नावापुढे टिंब देत होते आणि प्रयोगशाळेतल्या बेलदरीकडे पाहायचे टाळत होते. आकार खरा होता, पण पाऊस झारीचा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपता संपता फाटकातून दोघी आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. चार मैल चालत आल्या होत्या. पंचफुलाने कमरेची पिशवी सोडली आणि मेणकापडात नीट गुंडाळलेली काड्यापेटी माझ्या हातात दिली.

"उघडा."

आत चुलीतली राख होती. मी बोटाने चाचपली. भुसभुशीत, पांढरी आणि हाडासारखी कोरडी.

"आज पहाटेची हाय," ती म्हणाली. "तिन्ही दिवस चूल पेटली. लवण असं भरून धावलं बाई, मोरीतून पानी घोड्यासारखं पये. पूरी वस्ती सडकेवर उभी राहून पाहे. माह्या जोत्याले नुसतं चाटून गेलं." मग सत्यभामाच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, "तुमची भुकटी दमट हवेत निळी पडते म्हणे. म्हणून म्हटलं, आपली घरचीच नेऊ."

मी काड्यापेटी बंद केली. प्रयोगशाळेच्या फडताळात मोरचुदाच्या बाटलीशेजारी जागा केली आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवली. सत्यभामाच्या सुवाच्य अक्षरात ती अशी आहे: 'नमुना. बेलदरी, शेवटचे घर. २४ ऑगस्ट १९६१. पाणी: नाही.'